चित्रकथेतील प्रथमपुरुष : ॲलिसन बेक्डेल यांच्या कृतींच्या अनुषंगाने

चित्रकथा हा प्रकार विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत फार उशिरा आला. स्वस्त कागदावर छापलेली, मुलांच्या हाती पडणारी आणि वाचून होताच रद्दीत जाणारी वस्तू, अशीच तिची दीर्घकाळ समजूत होती. मराठी वाचकाला तिची ओळख प्रामुख्याने करून दिली ती १९६४ साली मुंबईत सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाने आणि १९६७ पासून निघू लागलेल्या अमर चित्र कथेने. आज चित्रकथेवर प्रबंध लिहिले जातात, परिषदा भरतात, आणि त्यांतून जे प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतात त्यांपैकी एक म्हणजे या प्रकारात स्त्रियांचे व समलिंगी व्यक्तींचे चित्रण कसे झाले आहे हा होय. या प्रश्नाची चर्चा बहुधा गणतीच्या मार्गाने जाते. अमुक मालिकेत स्त्रीपात्रे किती, त्यांपैकी पराक्रमी किती, समलिंगी पात्र प्रथम कोणत्या वर्षी आले, अशा याद्या केल्या जातात. याद्या निरुपयोगी असतात असे नाही. परंतु पात्र उपस्थित असणे आणि त्या पात्राने बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या आधारे कळत नाही.

चित्रकथेत भाषेला मुख्यतः दोन जागा असतात. एक, पात्राच्या तोंडाशी जोडलेला फुगा. दुसरी, चौकटीच्या वर किंवा खाली असलेली निवेदनाची पट्टी. फुग्यातील शब्द पात्राचे, त्या क्षणाचे. पट्टीतील शब्द निवेदकाचे, आणि निवेदकाला काळाचे बंधन नसते. वेताळाच्या कथांत पट्टी सर्वज्ञ व नामहीन असते. तिच्यात कोणीही 'मी' म्हणत नाही. तेव्हा चित्रणाचा प्रश्न व्याकरणाच्या परिभाषेत असा मांडता येईल : स्त्री किंवा समलिंगी व्यक्ती चित्रकथेत कोणत्या पुरुषात येते? (मराठी व्याकरणाने 'पुरुष' ही संज्ञा या कामी वापरावी, हा योगायोग स्त्रीवादी अभ्यासकांच्या दृष्टीतून सुटण्यासारखा नाही.) येथे आणखी एका भेदाचे स्मरण ठेवणे इष्ट होईल. संस्कृत वैयाकरणांचा प्रथमपुरुष म्हणजे 'तो', ज्याच्याविषयी बोलले जाते तो. 'मी' हा त्यांचा उत्तमपुरुष. इंग्रजी व्याकरणाच्या क्रमाने 'मी'ला प्रथमपुरुष म्हणण्याची रीत मराठीत नंतर रूढ झाली. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्यापासून जो बोलतो त्याच्यापर्यंत, हाच प्रवास अमेरिकन चित्रकथेतील स्त्रिया व समलिंगी व्यक्ती यांनी सुमारे साठ वर्षांत केला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रारंभ करावा लागतो तो एका बंदीपासून. १९४१ साली मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी 'वंडर वूमन' ही नायिका निर्माण केली. पुरुषविरहित बेटावर वाढलेली ही स्त्री बळाने कोणत्याही नायकाहून उणी नव्हती. परंतु १९५४ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचा 'सिडक्शन ऑफ द इनोसन्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बॅटमन आणि रॉबिन यांच्या सहवासात समलिंगी आकर्षणाचे स्वप्नरंजन पाहिले आणि वंडर वूमनला त्याचाच स्त्रीरूप प्रतिपक्ष ठरविले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे चित्रकथांची चौकशी झाली, आणि भयभीत झालेल्या प्रकाशकांनी ऑक्टोबरात स्वतःच एक आचारसंहिता, 'कॉमिक्स कोड', लागू केली. तिच्या कलमांनी लैंगिक 'विकृती'चे चित्रणच नव्हे, तर तिचा संकेतही निषिद्ध ठरविला. घटस्फोट इष्ट म्हणून दाखवू नये, प्रेमकथांनी विवाहाच्या पावित्र्यावर भर द्यावा, अशीही बंधने तीत होती. म्हणजे समलिंगी व्यक्तीला तृतीयपुरुषातही जागा उरली नाही, आणि स्त्रीला उरली ती गृहिणीची. वर्थम यांच्या कागदपत्रांची तपासणी करून कॅरल टिली या अभ्यासिकेने २०१२ साली दाखवून दिले की, त्यांनी आपल्या रुग्णांच्या निवेदनांत फेरफार केले होते. काही ठिकाणी अनेक मुलांची वाक्ये एकाच्या तोंडी घातली होती, तर काही ठिकाणी गैरसोयीचे तपशील गाळले होते. ज्या ग्रंथाने इतरांच्या वाणीवर बंदी आणण्यास हातभार लावला, त्याने मुलांची वाणीही जशीच्या तशी ठेवली नव्हती. संहितेतील या विषयाचे कलम १९८९ च्या सुधारणेने सैल झाले. १९९२ साली 'अल्फा फ्लाइट' या मालिकेतील नॉर्थस्टार या वीराने लढाईच्या धामधुमीत आपण समलिंगी असल्याचे एका फुग्यात जाहीर केले. २०११ साली शेवटच्या प्रकाशकांनीही संहितेला रजा दिली.

मुख्य धारेत ही स्थिती असता बाहेरच्या, संहितेला न जुमानणाऱ्या स्वतंत्र चित्रकथांत निराळे काही घडत होते. १९७० साली ट्रिना रॉबिन्स आणि त्यांच्या सहकारिणींनी 'इट एंट मी, बेब' हा सर्वस्वी स्त्रियांनी काढलेला अंक प्रसिद्ध केला. १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स' ही पुस्तिका निघू लागली व ती वीस वर्षे टिकली. तिच्या पहिल्याच अंकात रॉबिन्स यांची एक कथा होती. तिच्यातील तरुणी आपण स्त्रियांवर प्रेम करतो हे उघडपणे स्वीकारते. अशा स्वरूपाची ती पहिली कथा मानली जाते. परंतु रॉबिन्स स्वतः समलिंगी नव्हत्या, आणि हे मेरी विंग्ज यांना खटकले. त्यांनी १९७३ साली स्वतःच 'कम आउट कॉमिक्स' ही पुस्तिका काढली. चित्रकार म्हणून ती सफाईदार नाही; रेषा अडखळते, चेहरे चौकटीगणिक बदलतात. तरीही या दोन पुस्तिकांमधील एका वर्षाचे अंतर महत्त्वाचे आहे. पहिलीत सहानुभूती होती, न्यायबुद्धी होती. नव्हती ती एकच गोष्ट. दुसरीत 'मी' होता. १९८० साली हॉवर्ड क्रूझ यांच्या संपादकत्वाखाली 'गे कॉमिक्स' निघाले आणि अशा स्वकथनांना एक नियतकालिक लाभले.

ॲलिसन बेक्डेल (जन्म १९६०) या परंपरेत येतात. १९८३ पासून न्यूयॉर्कच्या 'वुमनन्यूज' या स्त्रीवादी पत्रात त्यांची 'डाइक्स टू वॉच आउट फॉर' ही चित्रमालिका येऊ लागली व ती २००८ पर्यंत चालली. 'डाइक' ही समलिंगी स्त्रीला उद्देशून दिली जाणारी शिवी. शीर्षकातच ती उचलून घेतली आहे. 'क्विअर' या शब्दाचेही असेच झाले. मुळात 'विचित्र', 'चमत्कारिक' या अर्थाचा हा इंग्रजी शब्द विसाव्या शतकात समलिंगी व्यक्तींना हिणवण्यासाठी योजिला जाऊ लागला, आणि १९९० च्या सुमारास त्याच व्यक्तींनी तो स्वतःच्या नावासारखा धारण केला. शब्द तोच राहून त्याचा वक्ता बदलला म्हणजे अर्थ कसा पालटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण अर्थविज्ञानाच्या वर्गात देता येणार नाही.

याच मालिकेत १९८५ साली 'द रूल' हे एक पान आले. दोन मैत्रिणी चित्रपट पाहावयास निघाल्या आहेत. त्यांतील एक सांगते की, तीन अटी पुऱ्या होत असतील तरच ती चित्रपट पाहते : त्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य कशाविषयी तरी असावे. या नियमानुसार पाहता आलेला तिचा शेवटचा चित्रपट म्हणजे १९७९ चा 'एलियन'. त्यात दोन स्त्रिया राक्षसाविषयी बोलतात. बेक्डेल यांनी या कल्पनेचे श्रेय त्याच पानावर आपल्या मैत्रिणीला दिले आहे. पुढे ती 'बेक्डेल कसोटी' या नावाने जगभर गेली, आणि विनोदाची मोजपट्टी झाली. या कसोटीला उतरलेला चित्रपट स्त्रीवादी, न उतरलेला स्त्रीविरोधी, असा निवाडा आता सर्रास केला जातो. तो मूळ पानाच्या आशयाशी विसंगत आहे. तीन अटी एकाच जातीच्या नाहीत. पहिली नामाची आहे, ती गणतीने भागते. दुसरी संवादाची : एक स्त्री दुसरीला 'तू' म्हणते काय, म्हणजे स्त्री ही स्त्रीच्या संदर्भात द्वितीयपुरुष होते काय. तिसरी विषयाची : हा 'तू' केवळ एखाद्या 'तो'ची वार्ता पोहोचविण्यापुरता तर नाही ना. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ च्या आपल्या निबंधात कथावाङ्मयातील स्त्रिया पुरुषाशी असलेल्या नात्यातूनच दिसतात अशी तक्रार केली होती. तीच येथे व्याकरणाच्या अचूकपणाने मांडली आहे. 'मी'ची अट मात्र या नियमात नाही. ती बेक्डेल यांनी स्वतःसाठी राखून ठेवली असे म्हणावयास हरकत नाही.

२००६ साली प्रसिद्ध झालेले 'फन होम' हे ते 'मी'चे पुस्तक. बेक्डेल यांचे वडील पेन्सिल्व्हेनियातील बीच क्रीक या लहान गावी इंग्रजीचे शिक्षक होते आणि वंशपरंपरागत अंत्यविधिगृहही चालवीत. त्या गृहाला, म्हणजे 'फ्युनरल होम'ला, मुले संक्षेपाने 'फन होम' म्हणत. शीर्षकाचा हा दुहेरी अर्थ, दुःख व गंमत एकाच नावात, पुस्तकभर टिकून आहे. कन्या एकोणिसाव्या वर्षी पत्राने आईवडिलांना आपण समलिंगी असल्याचे कळविते. त्यानंतर तिला आईकडून समजते की, वडिलांचेही तरुण मुलांशी संबंध होते. सुमारे चार महिन्यांनी, १९८० च्या जुलैत, रस्ता ओलांडताना मालमोटारीखाली सापडून वडील मरण पावतात. तो अपघात होता की आत्महत्या, हे पुस्तक निश्चित सांगत नाही. या अनिश्चिततेचे पुस्तकाच्या भाषेवर झालेले परिणाम पाहण्यासारखे आहेत.

पाचव्या प्रकरणात बालपणीची दैनंदिनी येते. दहा वर्षांच्या मुलीने दिनदर्शिकेच्या पानांवर लिहावयास प्रारंभ केला. परंतु पहिले तीन शब्द तिचे नसून वडिलांच्या हस्ताक्षरातील आहेत, आणि त्यांत नोंद आहे ती वडील वाचत असल्याची. आत्मकथनाचा आरंभच परक्या हाताने, तृतीयपुरुषात झाला. पुढे काही महिन्यांनी मुलीला आपल्या विधानांच्या सत्यतेविषयी शंका येऊ लागली. एखादी गोष्ट घडली असे लिहावे, तर ती खरोखर तशीच घडली काय? तेव्हा प्रत्येक वाक्याच्या मध्ये 'मला वाटते' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द ती बारीक अक्षरांत घालू लागली. लवकरच त्या शब्दांची जागा एका वक्र टोपीसारख्या चिन्हाने घेतली. प्रथम ते चिन्ह वाक्यांवर पडे. मग ते नामांवर व सर्वनामांवर, 'मी'वरही पडू लागले. अखेर संपूर्ण पानभर एकच मोठे चिन्ह उमटे. नोंदी लिहिणे इतके अवघड झाले की, दोन महिने आईने मुलीच्या तोंडून ऐकून त्या लिहून घेतल्या.

मानसशास्त्राच्या दृष्टीने हे एका व्याधीचे लक्षण होय, आणि बेक्डेल तसे नमूदही करतात. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ते त्याहून अधिक आहे. निश्चय, संभव, संशय हे अर्थ भाषा क्रियापदाच्या रूपांनी, अव्ययांनी किंवा अशा जोडवाक्यांनी व्यक्त करते. येथे एका मुलीने त्यासाठी नवे चिन्ह घडविले, आणि ते वाक्यापुरते न ठेवता वक्त्यावरच ठेवले. इंग्रजीत विचार करणारा कर्ता असतो. मराठीत 'मला वाटते' म्हणताना तो चतुर्थीत जातो, वाटणे ही त्याच्या बाबतीत घडणारी गोष्ट होते. संशयग्रस्त मुलीच्या अवस्थेला मराठी रचना अधिक जवळची आहे, असे कोणी म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही. परंतु चित्रकथेला या दोन्ही भाषांहून वेगळी एक सोय उपलब्ध आहे. दैनंदिनीची पाने, पत्रे, नकाशे, शब्दकोशातील नोंदी हे सर्व बेक्डेल यांनी छायाप्रतीने न छापता आपल्या हाताने पुन्हा रेखाटले आहे. वडिलांचे हस्ताक्षरही मुलीच्याच हाताने उतरले आहे. वडिलांच्या मृत्यूसंबंधाने 'क्विअर' हा शब्द येतो तेथे शब्दकोशातील त्याची नोंद रेखाटून दाखविली आहे. तेराव्या वर्षी 'लेस्बियन' हा शब्दही प्रथम शब्दकोशातच भेटला होता. जो अनुभव घरात उच्चारला जात नव्हता, तो कोशात वर्णानुक्रमाने ठेवलेला होता.

पुस्तकाच्या मध्यभागी दोन पाने व्यापणारे एकच चित्र आहे. मुलांना सांभाळावयास घरी येणाऱ्या तरुणाचे वडिलांनी घेतलेले छायाचित्र एका हाताने धरले आहे. कडेच्या मुद्रित तारखेतील वर्ष वडिलांनी शाईने खोडण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो फसला आहे. पुस्तकात इतरत्र आकृत्या लहान आहेत. येथे तो हात जवळजवळ वाचकाच्या हाताएवढा आहे, आणि अंगठा पडतो तो पुस्तक धरणाऱ्याचा पडावा तेथेच. 'मी', 'येथे', 'आता' हे शब्द बोलणाऱ्याच्या स्थितीवाचून अर्थ पावत नाहीत. या पानावर तेच काम एका रेखाटलेल्या हाताने केले आहे. वाचक क्षणभर त्या 'मी'च्या जागी उभा राहतो.

शेवटच्या प्रकरणात बापलेक मोटारीतून चित्रपटास जात आहेत. समोरासमोरच्या दोन पानांवर बारा-बारा, सर्व सारख्या आकाराच्या चौकटी आहेत. पात्रे हालत नाहीत, दृश्य बदलत नाही. बदलतात ते केवळ फुगे, आणि काही चौकटींत तेही नाहीत. वडील रस्त्यावरची नजर न हलविता अडखळत आपल्या तारुण्यातील काही गोष्टी बोलून दाखवितात. लहानपणी मुलगी व्हावेसे वाटे, मुलीचे कपडे घालीत असे, असे ते सांगतात. कन्या उत्साहाने उत्तरते की, तिला मुलगा व्हावेसे वाटे. संवादशास्त्रात ज्यास पाळी म्हणतात ती येथे चौकटीने मोजली आहे. मौनालाही एक चौकट मिळते, आणि ती बोलण्याच्या चौकटीएवढीच रुंद असते. गद्य कादंबरीत 'ते काही वेळ गप्प राहिले' असे लिहावे लागले असते आणि ते वाक्य डोळ्याखालून एका निमिषात गेले असते.

पुस्तकाला मान्यता मिळाली तशी विरोधही झाला. त्यावर आधारलेल्या संगीतिकेने २०१५ साली टोनी पारितोषिक मिळविले. तत्पूर्वी २००६ साली मिसुरी राज्यातील मार्शल येथील सार्वजनिक ग्रंथालयातून हे पुस्तक फडताळावरून काढण्यात आले होते व पुढील वर्षी परत ठेवण्यात आले. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन महाविद्यालयाने ते नवागत विद्यार्थ्यांस वाचावयास सुचविले, तेव्हा २०१४ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाने महाविद्यालयाच्या अनुदानात ५२,००० डॉलरची कपात मंजूर केली. २०१५ साली ड्यूक विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने जाहीरपणे मांडलेला मुद्दा या सर्वांत अधिक विचारार्ह आहे : हेच प्रसंग केवळ शब्दांत असते तर आपण वाचले असते, आक्षेप चित्रांना आहे. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी त्याने नकळत या प्रकाराचे सामर्थ्य मान्य केले आहे. शब्दातील समलिंगी व्यक्ती वाचकाला हवी तेवढी धूसर ठेवता येते, चित्रातील नाही.

भारतात याच्याशी नाते सांगणारी कृती म्हणजे अमृता पाटील यांची २००८ सालची 'कारी' ही इंग्रजी चित्रकादंबरी. तेव्हा भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवीत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ते २००९ साली शिथिल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा प्रस्थापित केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. कारी आणि रूथ या दोघी प्रेमिका इमारतींवरून उडी घेतात तेथे पुस्तक सुरू होते. रूथला जाळी वाचविते व ती शहर सोडून जाते. कारी पडते ती गटाराच्या पाण्यात, आणि वाचते. जाहिरातसंस्थेत काम करणारी ही तरुणी ज्या महानगरात राहते त्याचे नाव धुरक्याशी जोडले आहे, पण मुंबईच्या वाचकाला ते ओळखू यावे. निवेदन सर्वत्र कारीचे, 'मी'चे आहे. आरशातील स्वतःची स्त्रीरूप प्रतिमा तिला आपली वाटत नाही.

इंग्रजीत हा 'मी' लिंगनिरपेक्ष असतो. पट्टीत 'मी' कोण हे कळत नाही, ते चित्राने कळते. आणि चित्र व सर्वनाम यांच्यातील ही फट या दोन्ही लेखिकांनी कसून वापरली आहे. असे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिल्याच क्रियापदाशी थांबावे लागेल. 'मी जाते' की 'मी जातो', 'मी पडले' की 'मी पडलो'? मराठीत चित्राच्या आधी प्रत्ययच बोलून मोकळा होतो. सुटकेच्या वाटा आहेत, पण त्या ठरावीक आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे पाहते, त्यामुळे 'मी शहर पाहिले' यात वक्त्याचे लिंग दिसत नाही. भविष्यकाळी 'मी जाईन' यातही नाही. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही 'मी आलो' म्हणतात, त्यामुळे प्रमाण मराठीत जे बंड वाटेल ते तेथे रोजचे बोलणे असते. उरते ती चतुर्थीची रचना, 'मला वाटे', 'मला हवे होते' ही. 'फन होम'मधील मोटारीतला संवाद या रचनेत आणला, तर वडिलांचे वाक्य 'मला मुलगी व्हावेसे वाटे' असे होईल आणि कन्येचे 'मला मुलगा व्हावेसे वाटे' असे. दोहोंतही वक्ता पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगणार नाही. चोवीस चौकटींमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोघांच्या वाक्यांत फरक राहील तो एका नामाचा.